पहिल्या स्थानाच्या आधी

क्रूसाच्या वाटेचे पहिले स्थान कोणते, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातले सात वर्षांचे मूलही सांगते: येशूला मरणदंडाची शिक्षा होते. शिक्षा कशाबद्दल झाली, असे विचारले की मुले एकमेकांकडे बघतात आणि मोठी माणसे चटकन म्हणतात, आपल्या पापांसाठी. उत्तर खरे आहे. तेच मी वर्गात शिकवते. पण पिलातापुढे जे फिर्यादी उभे राहिले, ते काही तुमच्या-माझ्या पापांची यादी घेऊन गेले नव्हते. त्यांचे म्हणणे लूकने नोंदवून ठेवले आहे. हा लोकांना चिथावतो, कैसराला कर देऊ नका म्हणतो, स्वतःला राजा म्हणवतो. आपल्या वेदीवरच्या क्रूसावर आय-एन-आर-आय अशी चार अक्षरे असतात, ती बहुतेकांना नक्षीसारखी वाटतात. ती नक्षी नव्हे. तो आरोप आहे. योहान सांगतो की तो तीन भाषांत लिहून डोक्यावर लावला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावा म्हणून. आपण दर रविवारी त्याच्या खाली गुडघे टेकतो आणि वाचत नाही.

माझी तक्रार अशी आहे की आपण कचेरीत शिरतो ते निकाल लागल्यानंतर. झावळ्यांच्या रविवारी, आपल्या इंदूरच्या बोलीत खजूर इतवारी, हातात फांद्या घेऊन आवारात फेरी काढतो, आणि तिथून थेट गुरुवारच्या पाय धुण्यावर उडी मारतो. मधले सोमवार, मंगळवार, बुधवार कुठे जातात? कबुलीजबाबाच्या रांगेत, ईस्टरच्या खरेदीत, शुक्रवारच्या नाटकासाठी रोमन शिपायांची शिरस्त्राणे रंगवण्यात. त्या तीन दिवसांत प्रभू काय करत होता, हे विचारायला कुणाला सवड नसते. आणि त्याला मारायचे कारण त्याच तीन दिवसांत पिकले.

चौदा स्थानांची संख्या पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ साली पक्की केली. ती भक्ती मोलाची आहे, आमच्या आज्यांनी तीच धरून उपवासकाळ काढले, मी ती मोडा म्हणत नाही. पण ती बदलूच शकत नाही असेही नाही. १९९१ च्या गुड फ्रायडेला पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या कलोसियममध्ये जी क्रूसाची वाट केली, तिचे पहिले स्थान गेथशेमाने बाग होते. पोप एका रात्रीने मागे गेले. मी आणखी तीन दिवस मागे जायला सांगते आहे.

मार्कचे शुभवर्तमान उघडा, अकरावा अध्याय. रविवारी यरुशलेमेत शिरल्यावर येशू मंदिरात गेला, त्याने सगळे नजरेखालून घातले, आणि उशीर झाला म्हणून मुक्कामाला बेथानीला परतला. हे एवढेसे वाक्य आपण नेहमी ओलांडून जातो. दुसऱ्या दिवशी त्याने सराफांचे चौरंग उलथवले, ते संतापाच्या झटक्यात नव्हे. आदल्या संध्याकाळी बघून, रात्र मध्ये घालवून, सकाळी परत येऊन उलथवले. (आम्हा इंदूरकरांना सराफ म्हटले की रात्रीचा सराफा आठवतो, गराडू आणि जलेबीसकट. इथला सराफ वेगळा.) मंदिराचा वार्षिक कर सोर गावच्या चांदीच्या नाण्यातच भरावा लागे. गावाकडून आलेल्या यात्रेकरूच्या गाठीला भलतेच नाणे, ते बदलून घ्यायचे तर बट्टा द्या. आणि मार्क-मत्तय दोघेही मुद्दाम लिहितात की कबुतरे विकणाऱ्यांची आसनेही त्याने उलटली. कबुतरेच का? कारण कबुतर हे गरिबाचे अर्पण. कोकरू परवडत नसेल त्या बाळंतिणीने दोन पक्षी द्यावेत, असे लेवीय पुस्तकात आहे, आणि लूक सांगतो की मरियेने आणि योसेफाने तान्ह्या येशूला मंदिरात आणले तेव्हा पक्ष्यांचेच अर्पण केले. ज्या गल्ल्यात एकदा त्याच्या आईचे पैसे पडले होते, तो गल्ला त्याने उलथवला. त्याच दिवशी शास्त्री आणि मुख्य याजक याचा काटा कसा काढावा या विचाराला लागले, असे मार्क स्वच्छ लिहितो.

कुणी म्हणेल, योहानाने मंदिराची घटना सुरुवातीलाच सांगितली आहे आणि येशूला मारण्याचा ठराव लाजरला उठवण्याशी जोडला आहे. खरे आहे, तेही वाचावे. कैफा तिथे जे बोलतो, की सगळ्या राष्ट्राने बुडण्यापेक्षा एक माणूस मेलेला बरा, ते वाचून बघा. खुर्ची सांभाळणारा माणूस बोलतो आहे. धर्माची भाषा नुसती वरून पांघरलेली.

मंगळवार तर सगळा वादाचा. अधिकार कुणाचा, कर द्यावा की नाही, मेलेले उठतात का, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती. आणि शेवटी दानपेटीसमोर बसून तो एका विधवेला दोन टोल्या टाकताना बघतो. या विधवेवर आपण जेवढा अन्याय केला तेवढा त्या शास्त्र्यांनीही केला नसेल. चर्चच्या छपराचा निधी असो की हॉलच्या फरशीचा, तिला उभे केले जाते: बघा, तिने सर्वस्व दिले, तुम्ही काय देता? पण तिच्या आधीच्या तीन ओव्या काढून बघा. लांब झगे घालून, लांब प्रार्थना करून विधवांची घरे फस्त करणाऱ्यांपासून जपा, असे सांगून येशू तिथे बसतो आणि लगेच ती विधवा येते. जिचे घर गेले ती उरलेले दोन पैसेही त्याच पेटीत टाकते आहे. तिच्या विश्वासाला मी नमस्कार करते. त्या पेटीला करत नाही.

हा उतारा आपल्या रविवारच्या मिस्सेत तीन वर्षांतून एकदा येतो, नोव्हेंबरात, पवित्र आठवड्यापासून सहा-सात महिने लांब. तिथेही तो छोटा करून वाचायची मुभा आहे, आणि छोट्या वाचनात गळतात त्या नेमक्या विधवांच्या घरांच्या ओव्या. पवित्र आठवड्याच्या सोमवारी बेथानीतले सुगंधी तेल वाचले जाते, मंगळवार-बुधवारी यहूदाचा विश्वासघात. सुंदर वाचने आहेत. पण ती ऐकून माणसाला वाटावे की एका लोभी मित्रामुळे हे सगळे घडले. यहूदाने विकले तरी काय? येशू लपलेला नव्हता, रोज मंदिरात बसून शिकवत होता. दिवसा त्याला धरायची पुढाऱ्यांची छाती नव्हती, लोक खवळतील म्हणून. यहूदाने विकली ती वेळ आणि जागा: लोक झोपलेले असतील ती रात्र.

म्हणून ते एक घासून गुळगुळीत झालेले प्रवचन मला सोसवत नाही, की रविवारी होसान्ना म्हणणारेच शुक्रवारी त्याला क्रूसावर द्या म्हणाले. असे कुठल्या शुभवर्तमानात लिहिले आहे? पिलाताच्या अंगणातल्या जमावाला मुख्य याजकांनी चिथावले, एवढे लिहिले आहे. तो जमाव तोच होता, असे नाही. गालीलहून पायी आलेल्या गरिबांना, जे त्याचे बोलणे आनंदाने ऐकत होते, आपण फुकट बेइमान ठरवतो आणि ज्यांच्या गल्ल्याला धक्का लागला ते नामानिराळे राहतात. याच सवयीतून शतकानुशतके एका सबंध समाजावर येशूच्या खुनाचा ठपका ठेवला गेला. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तो स्पष्टपणे नाकारला. येशू यहूदी होता, त्याची आई यहूदी, त्याचे बारा जण यहूदी. विधवाही यहूदीच होती.

आता आपल्या घरचे बोलते. सिस्टर राणी मारियाला आपण असेच केले आहे.

तिची तसबीर आता कितीतरी घरांत आहे. २५ फेब्रुवारीला आपण तिचे स्मरण करतो, उदयनगरच्या चर्चमध्ये तिच्या समाधीपुढे गुडघे टेकतो. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर तिला धन्य घोषित केले तेव्हा मंडप माणसांनी भरून गेला होता. कुणालाही विचारा, तिला किती जखमा झाल्या? चौपन्न. लगेच उत्तर येते. का मारले? मग गाडी अडखळते. विश्वासासाठी. आदिवासींची सेवा केली म्हणून. सेवा म्हणजे काय? औषधे वाटली? औषधे वाटणाऱ्या बाईवर कुणी मारेकरी घालत नाही.

केरळातल्या पुल्लुवळीची ही मुलगी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर झाली, बिजनौरला राहिली, मग सतना भागात, आणि १९९२ साली देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आली. तिथल्या आदिवासींचा सावकाराशी असलेला हिशेब कधी संपत नसे. तिने लोकांना सरकारी योजना समजावल्या, बँकेचे कर्ज मिळवायला शिकवले, बायकांना जमवून बचत करायला लावले, आपला हक्क आपण मागायला लावला. म्हणजे सावकाराचा चौरंग उलटला. त्यावर ज्यांचे पोट होते त्यांनी एका तरुणाला पुढे केले, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंगने तिला भोसकले, नाचनबोर टेकडीजवळ बाहेर ओढून पुन्हा भोसकले. बस प्रवाशांनी भरलेली होती. ती प्रभूचे नाव घेत गेली, हे आपण सांगतो. तिच्या पिशवीतले प्रार्थनेचे पुस्तक आपल्याला आठवते, बँकेचे फॉर्म आठवत नाहीत.

पुढचे तर त्याहून आवडीने सांगतो. २००२ साली तिची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि समंदर सिंगला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, नंतर केरळात जाऊन तिच्या आईला भेटला, आणि त्या माउलीने त्याला जवळ केले. हे सांगताना माझाही गळा दाटतो. पण ही गोष्ट आपण अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावे, एका माथेफिरूला एका कुटुंबाने माफ केले. समंदर सिंगने स्वतःच पुढे येऊन म्हटले आहे की आपल्याला भरीला घातले होते. सुरी धरणारा हात पस्तावला, त्याला राखी मिळाली. ज्यांनी सुरी हातात दिली त्यांचे पुढे काय, हा प्रश्न आपल्या प्रवचनात येतच नाही. क्षमा ही एवढी मोठी गोष्ट आहे की तिला अपराधाचे नाव सोसते. अपराध झाकून केलेली क्षमा सेल्मी सिस्टरची नव्हे, आपली सोय आहे.

यावर मला काय ऐकवले जाईल ते ठाऊक आहे, कारण ऐकवून झाले आहे. पवित्र आठवड्यात राजकारण आणू नका. प्रभूने जीव स्वखुशीने दिला, ती देवाची योजना होती, सावकार आणि सराफ यांचा तिथे काय संबंध. स्वखुशीने दिला, हे मी रोज प्रार्थनेत म्हणते. पण स्वखुशीने दिला म्हणून घेणारे निर्दोष ठरत नाहीत. गेथशेमानेत त्याला घामाच्या धारा लागल्या. नाटकातली आपली भूमिका वठवणाऱ्या माणसाला असा घाम फुटत नाही. समोर काय येते आहे आणि कशामुळे येते आहे हे ज्याला माहीत आहे, आणि अजून जैतुनाच्या डोंगरापलीकडे निघून जाता येईल हेही माहीत आहे, त्याला फुटतो. बेथानी काही लांब नव्हते. त्याने चौरंग सोडून फक्त रोगी बरे केले असते तर म्हातारपणी गालीलात मेला असता. तो आपल्या पापांसाठी मेला असे म्हणताना पाप म्हणजे नुसते खोटे बोलणे आणि मिस्सा चुकवणे नव्हे, ती पेटीही त्यात येते, तो बट्टाही येतो.

आणि हे सगळे दोन हजार वर्षांपूर्वीचे किंवा फार तर उदयनगरचे, असे कुणी समजू नये. आपल्याच पॅरिशमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायका पहिल्या मिस्सेला मागच्या बाकावर असतात. आठवड्याचा हप्ता चुकला की दाराशी कोण येऊन बसते ते त्यांना विचारा. व्याजाचा दर विचारा. मग पैसे कुणी लावले आहेत तेही विचारा. एखादे नाव पुढच्या बाकावरचे निघाले तर शुक्रवारी क्रूसाचे चुंबन घेण्याच्या रांगेत आपण सगळेच उभे असू, हे लक्षात ठेवा.

फादरांशी बोलणे झाले आहे. या वर्षी पवित्र आठवड्यात सोमवार, मंगळवार आणि बुधवार संध्याकाळी सात वाजता धर्मशिक्षणाच्या खोलीत मार्क वाचू: सोमवारी अकरावा अध्याय, मंगळवारी बारावा, बुधवारी चौदाव्याच्या पहिल्या अकरा ओव्या. प्रवचन नाही, नुसते वाचन आणि प्रश्न. बायबल मराठी असो की हिंदी, घेऊन या. कामावरून उशिरा सुटणाऱ्या बायकांसाठी साडेसातपर्यंत थांबू.