आजोबांची साधी बंदूक मोडीत काढू नका

तुमच्या घरात वडिलोपार्जित बंदूक आहे का? मग थोडे थांबून हे वाचा.

कोकणात, घाटमाथ्यावर, विदर्भातल्या जंगलकाठच्या गावांत अशी घरे आजही आहेत. कुणाकडे रानडुकरांपासून शेत राखायला घेतलेली ठासणीची बंदूक असते. कुणाकडे बारा बोअरची एकनळी, तर कुणाकडे आजोबांची शिकारीची रायफल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि पुढे ती बंद झाली. बंदूक मात्र घरात राहिली.

पुढे वाटणीची वेळ येते. घरात दोनपेक्षा जास्त बंदुका असतील तर पेच पडतो. २०१९ मध्ये शस्त्र कायदा बदलला. आता एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्यातच मोजली जाते. मग कुठली ठेवायची?

बहुतेकांचा हात नक्षीदार बंदुकीकडे जातो. तुम्ही साधीकडे आधी बघा.

साध्या बंदुकीचा दस्ता हाताळून गुळगुळीत झालेला असतो. नळीचा काळा रंग हात पडतो तिथे उडालेला असतो. हे दोष नाहीत. ती बंदूक वर्षानुवर्षे रानात गेली, वेळेला चालली आणि घरी आल्यावर पुसून ठेवली गेली, याची ती खूण आहे. नक्षीदार बंदूक पुष्कळदा कपाटातच राहिलेली असते. तिला रानात न्यायला कुणाचा जीव झाला नाही. ती चालते की नाही, हेही कुणी पाहिलेले नसते.

जिम कॉर्बेट यांचेच उदाहरण घ्या. १९०७ मध्ये त्यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्याबद्दल त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल बक्षीस मिळाली. बक्षिसाची असूनही ती साधीच होती. दस्त्यावर बक्षिसाची नोंद कोरलेली चांदीची लहानशी पट्टी, एवढाच काय तो दागिना. कॉर्बेट यांनी ती शोभेला ठेवली नाही, वापरली.

आपल्या हवेचाही विचार करा. पावसाळ्यात कोकणात लोखंडाला गंज धरायला वेळ लागत नाही. सपाट नळी एका फडक्याने पुसून होते. कोरीव कामाच्या खाचांत ओल बसते आणि तिथे फडके पोचत नाही.

नक्षीदार बंदूक चोराच्या नजरेत भरते. घरच्या मुलांना ती वरातीत मिरवावीशी वाटते. आनंदाच्या भरात हवेत बार काढला आणि त्याने कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही. शेजारच्या घरातले पोर जखमी झाले, तर ते दुःख कुठल्याही दंडाने फिटत नाही.

आता काय करायचे ते सांगतो.

पहिले म्हणजे परवाना बघा. परवानाधारक वारले असतील तर बंदूक घरात ठेवू नका. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मग वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करा.

दुसरे, बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवा. नळीत खड्डे आहेत का, दस्त्याला तडा आहे का, चाप आणि घोडा नीट चालतात का, हे त्याला बघू द्या. त्याने ‘नको’ म्हटले तर चालवू नका. जुनी आहे म्हणून ती आपोआप भरवशाची ठरत नाही.

तिसरे, जुनी बंदूक नवी करायच्या भानगडीत पडू नका. घासून पॉलिश करताना नळीवरचा क्रमांक पुसला जातो. तो क्रमांक पुसणे किंवा बदलणे गुन्हा आहे. नळी कापून आखूड करणेही तसेच.

चौथे, दसऱ्याला शस्त्रपूजा जरूर करा. पूजेआधी ती रिकामी असल्याची खात्री करा. पूजा झाली की हळद, कुंकू, फुले काढा. कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. चामड्याच्या खोळीत कायमची ठेवू नका, चामडे ओल धरते.

पाचवे, बंदूक एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा. किल्ल्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

सहावे, निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करायचा आदेश आला तर आधी तेल लावा, मग जमा करा. पावतीवरचा क्रमांक परवान्याशी ताडून बघा.

आणि शेतात रानडुक्कर आले म्हणून थेट बार काढू नका. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. आधी वनखात्याकडे जा.

नक्षीच्या बंदुकीबद्दल माझ्या मनात राग नाही. कारागिराचे कौतुक जरूर करा. पण दोहोंतली एकच ठेवायची वेळ आली, तर नक्षीकडे पाहू नका. जी सुस्थितीत आहे, जिचे कागद पुरे आहेत आणि जिची निगा तुम्ही स्वतः राखू शकता, तीच ठेवा. बहुतेक घरांत ती आजोबांची साधी बंदूकच निघेल.