निमशिक्षक बाईंची टीईटी

२००१ साली वस्तीशाळेसाठी शिक्षक शोधत मी मळ्यामळ्यातून हिंडत होतो. मी केंद्रप्रमुख. महिना हजार रुपये मानधनावर डी.एड. झालेलं कोण येणार? वस्तीवरचीच बारावी झालेली एक सून तयार झाली. शाळा तिच्याच घराच्या पडवीत. पदाचं नाव 'निमशिक्षक'. निम्मा शिक्षक! कुणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

एकदा गेलो तर फळ्यावर १/२ + १/३ = २/५. मुलांदेखत बोललो नाही. मधल्या सुट्टीत वर्तमानपत्राची पट्टी फाडून तिचे सहा सारखे भाग पाडले. अर्ध्याचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन, मिळून पाच. पुढच्या भेटीत वर्गभर कागदाच्या पट्ट्या दिसल्या. दादागिरी करणारा एक पोरगा बाईंनाच समजावून सांगत होता.

पुढे सरकारनेच अशा निमशिक्षकांचं सेवेत असताना डी.एड. करून घेतलं, २०१४ मध्ये जिल्हा परिषदेत कायमही केलं. आता १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणतं, पाच वर्षांहून जास्त सेवा उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हा, नाहीतर घरी जा. बाई २०३७ ला निवृत्त होणार. परवा त्यांचा फोन, "साहेब, बालमानसशास्त्राचं सोपं पुस्तक आहे का हो?"

नव्या भरतीला टीईटी हवीच, त्यात तडजोड नको. पण २०१९-२० च्या टीईटीत साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांना पैसे घेऊन पात्र दाखवल्याचं तपासात निघालं, तेही याच राज्यात. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्याची पारख मागच्या बाकावर बसूनच होते. अर्थात आमचे भेटीचे शेरेही पुष्कळदा चहा पिता पिता लिहिलेले असत, हे कबूल करतो. ते काम नीट झालं असतं तर ही वेळ आली नसती. बिनपात्रतेची माणसं सरकारने स्वस्तात नेमली आणि आम्ही ती निभावून नेली; दंड मात्र एकट्या बाईंना.

निकाल बदलेल तेव्हा बदलेल. तोवर शिक्षण विभागाने प्रत्येक केंद्रात शनिवारी दुपारी टीईटीचा वर्ग भरवावा. आमच्या केंद्रात मी फुकट शिकवतो. अपूर्णांकांपासून सुरू करू.