सत्तर रुपये वारले

आमच्या क्युपर्टिनोत चार मराठी टाळकी जमली की जेवणानंतर 'अशी ही बनवाबनवी' निघतोच. 1988 चा सिनेमा, संवाद सगळ्यांचे पाठ, तरी वाद ताजा! मधुमेहाच्या औषधासाठी घरमालक सरपोतदारांनी 70 रुपये दिलेले असतात. धनंजय माने त्यांना सांगतो, औषधवाला मित्र वारला आणि तुमचे 70 रुपयेही वारले. आता हा हशा कुणाचा? संवाद लिहिणाऱ्या वसंत सबनीसांचा की अशोक सराफांच्या टायमिंगचा? मी सराफांच्या पार्टीत, सौ. सबनीसांच्या.

इथंच जन्मलेल्या आमच्या चिरंजीवांनी एकदा विचारलं, "बाबा, वारले म्हणजे खर्च झाले?"

सौ. म्हणाली, "नाही रे. पैसे बुडतात, माणसं वारतात. इथं पैशाला माणसाचा मान दिलाय, तीच गंमत."

झालं, सबनीस जिंकले! तेव्हापासून आमच्या घरी पार्किंगचं तिकीट आलं की डॉलर वारतात, बाजार पडला की शेअर वारतात.

मागच्या वर्षी एका पहाटे पुण्याहून फोन आला. तो ठेवून मी नुसताच बसून राहिलो. चिरंजीव उठून आले, माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, "आजोबा वारले?"

शब्द अगदी बरोबर होता. त्यानंतर कित्येक महिने घरात त्याला कुणी हात लावला नाही.

परवा जेवताना तोच म्हणाला, "बाबा, आजोबा त्या सीनला किती हसायचे ना? लावू या?"

लावला. हसलो.