ताबा तोंडावर की आतड्यावर?

‘तोंडावर ताबा ठेवला असता, तर पोटावर सुरी फिरली नसती!’ हे मी कित्येक सोयऱ्याधायऱ्यांकडून ऐकले. चौदा वर्षे भात मोजून खाल्ला, सणाला पुरणपोळी दुरूनच पाहिली, दोन वेळा इन्सुलिन टोचले. तरी साखर हटेना. इन्सुलिनने वजनात भरच पडली.

गॅस्ट्रिक बायपासनंतर आठवडाभरात, वजन फारसे उतरण्याआधीच, इन्सुलिन थांबले. हा चमत्कार नव्हे. अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचते, तेथील संप्रेरके वाढतात आणि स्वादुपिंडाला चालना मिळते. या शस्त्रक्रियेने मधुमेह आटोक्यात येतो, हे अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्येच मांडले. २०१६ मध्ये ४५ वैद्यकीय व शास्त्रीय संघटनांनी तिला मधुमेहाच्या उपचारांत स्थान दिले.

ही पळवाटही नव्हे. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यायचे, तपासण्या चुकवायच्या नाहीत. मधुमेह परतूही शकतो. शिवाय ही शस्त्रक्रिया सर्वांसाठी नाही. ते डॉक्टरांनी ठरवावे. पण लठ्ठ मधुमेही माणूस खादाड आणि आळशीच असतो, हा निवाडा घरच्यांनी करू नये. त्याच्या ताटाकडे रोखून पाहण्यापेक्षा त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे. उपदेशाने साखर उतरत नाही. उतरतो तो माणसाचा धीर.