पोंच न आलेली तक्रार

तक्रार करणें निराळें आणि तक्रार नोंदविणें निराळें. ओटीवर बसून केलेली तक्रार दिवेलागणीपर्यंत हवेंत विरून जाते. बारनिशींत चढलेल्या तक्रारीस मात्र क्रमांक मिळतो, आणि क्रमांक मिळाला म्हणजे तिचा पाठपुरावा करतां येतो. संगणकाच्या जगांतही ह्याच तत्त्वावर चालणाऱ्या वह्या आहेत. त्यांत हातानें न लिहितां आपल्या प्रोग्रॅमकडून नोंद कशी करवावी, याचा विचार आज करूं.

मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश १ मे २००३ रोजीं सुरू झाला. त्यांतील मजकूर चुकला असेल तर कोणासही तो तेथल्या तेथें सुधारतां येतो. परंतु लेख दाखविणारें यंत्रच बिघडलें, तर त्याची तक्रार ‘फॅब्रिकेटर’ नांवाच्या वहींत करावी लागते. विकिमीडियानें २०१४ सालीं ‘बग्झिला’ ही जुनी वही मिटून ही नवी स्वीकारली. येथें प्रत्येक नोंदीस ‘टी’ हें अक्षर व त्यापुढें क्रमांक मिळतो. एखाददुसरी तक्रार हातानेंच लिहावी. परंतु शेंकडों लेख तपासणारा प्रोग्रॅम कोणी रचला असेल, तर त्यास सांपडलेला दोष त्यानेंच वहींत चढविणें सोयीचें पडतें.

अशा प्रोग्रॅमकरितां ‘कॉन्ड्युइट’ नांवाचें निराळें द्वार आहे. आपल्या खात्याच्या सेटिंग्जमधून एक टोकन घ्यावें आणि तें प्रत्येक विनंतीबरोबर पाठवावें, म्हणजे विनंती कोणाच्या नांवावर आहे हें वहीस कळतें. मुख्य क्रिया दोन : ‘मॅनिफेस्ट सर्च’ ही शोधण्याची आणि ‘मॅनिफेस्ट एडिट’ ही लिहिण्याची. लिहितांना जुन्या नोंदीचा क्रमांक दिला तर त्या नोंदींत बदल होतो. न दिला तर नवी नोंद उघडते. शोधाच्या उत्तरांत एका वेळीं फार तर शंभर नोंदी येतात. पुढच्या हव्या असल्यास उत्तरांतच दिलेली खूण परत पाठवावी लागते.

उत्तर वाचण्यांतही सावधपण पाहिजे. वेबवर उत्तराबरोबर २०० हा आंकडा आला म्हणजे काम झालें, असा सामान्य समज आहे. कॉन्ड्युइट मात्र टोकन चुकीचें असलें तरीही २००च पाठवितें. नकार असतो तो आंतील ‘एरर कोड’ ह्या रकान्यांत. सरकारी पाकीट हातीं पडलें एवढ्यावरून अर्ज मंजूर झाला असें कोणी मानीत नाहीं. पाकीट फोडून वाचावें लागतें.

खरा बिकट प्रसंग कांहींच उत्तर येत नाहीं तेव्हांचा. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडची वाट तुटते, हें आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या लोकांस सांगावयास नको. समजा, पुराआधीं गेलेल्या निरोप्यानें पलीकडे निरोप दिला आणि परततांना तो अडकला. अलीकडची मंडळी म्हणणार, निरोप पोंचला नाहीं, दुसरा माणूस धाडा! जंगलपट्टींत नेटवर्क मध्येंच तुटतें तेव्हां प्रोग्रॅमची हीच गत होते. नोंद झालेली असते, पोंच तेवढी वाटेंत हरवते. अधीर प्रोग्रॅम तीच विनंती पुनःपुन्हां पाठवितो, आणि एका दोषाच्या पांच नोंदी होतात. शोध दहादां केला तरी वहींत फरक पडत नाहीं. नवी नोंद दोनदां केली तर दोन होतात. ह्या दोन क्रियांस एकच नियम लावूं नये, हें ह्या विषयाचें मर्म होय. साहित्यशास्त्रकारांनीं पुनरुक्ति हा दोष मानला आहे. वहींत तर तो दुसऱ्याचा वेळ खातो.

म्हणून प्रोग्रॅमनें प्रत्येक तक्रारीच्या मजकुरांत आपली एक ठराविक खूण घालावी. उत्तर न आल्यास थोडें थांबावें, आपल्या नांवावरील अलीकडच्या नोंदी मागवून ती खूण शोधावी, आणि न आढळली तरच पुन्हां लिहावें. तसेंच चाळीस गांवांच्या लेखांत नकाशा उमटत नसेल, तर चाळीस तक्रारी करूं नयेत. कारण बहुधा एकच असतें. एक नोंद करून तींत चाळीसही नांवें द्यावीं.

टोकन प्रोग्रॅमच्या मजकुरांत कधींही लिहूं नये. प्रोग्रॅम मित्रास दिला कीं किल्लीही त्याबरोबर जाते, आणि परक्यानें केलेल्या नोंदी आपल्या नांवावर चढतात. शंका येतांच तें रद्द करून नवें घ्यावें.

मराठींतील अडचण मराठी माणसानें कळविल्यावांचून दूरच्या कारागिरास ती कळणार कशी? म्हणून घरोघरच्या तरुण मंडळींनीं हें काम अवश्य हातीं घ्यावें, असें आम्हांस वाटतें. मात्र वहीच्या पलीकडे माणूस बसला आहे, आणि पुष्कळदां तो वेतनावांचून ही सेवा करीत असतो, याचा विसर पडूं देऊं नये. एकाच तक्रारीच्या पांच प्रती चाळतांना त्याचा जो वेळ जाईल, तो दुसऱ्या कोणाच्या खऱ्या अडचणींतून वजा होणार आहे.