वैमानिकाची चाचणी आणि तालुक्याची चाळणी

भोकरदनहून जालन्याकडे, सिल्लोडकडे किंवा जाफराबादकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात धावणारी तरुण मुले हे मराठवाड्यातील आता नित्याचे दृश्य झाले आहे. कोणी पोलीस भरतीसाठी धावतो, कोणी राज्य राखीव दलासाठी, आणि २०२२ पासून 'अग्निवीर' होण्यासाठी धावणाऱ्यांची त्यात भर पडली आहे. या मुलांत जिद्द नाही, शिस्त नाही किंवा अंगमेहनतीचा कंटाळा आहे, असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही. पण यांच्यापैकी हवाई दलाचा अधिकारी होण्याच्या तयारीला लागलेला तरुण शोधू गेल्यास बरीच पायपीट करावी लागेल. शिपायाच्या भरतीसाठी उरी फुटेस्तोवर धावणारी ही मुले अधिकाऱ्याच्या परीक्षेचा विचारही का करीत नाहीत, हा प्रश्न केवळ लष्करी नाही. तो शिक्षणाचा आणि त्याहूनही अधिक अर्थकारणाचा आहे.

हवाई दलात अधिकारी म्हणून शिरण्याचे प्रमुख मार्ग दोन. बारावीच्या सुमारास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे 'एनडीए'ची परीक्षा द्यावयाची, हा पहिला. पदवीनंतर लोकसेवा आयोगाची 'सीडीएस' किंवा हवाई दलाची स्वतःची 'एएफकॅट' ही परीक्षा द्यावयाची, हा दुसरा. 'एएफकॅट' २०११ पासून वर्षातून दोनदा घेतली जाते. दोन तास, शंभर प्रश्न, तीनशे गुण. बरोबर उत्तरास तीन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण कापला जातो. सामान्य ज्ञान, इंग्रजी, अंकगणित, तर्कबुद्धी एवढाच तिचा पसारा आहे. स्पर्धापरीक्षांच्या मानाने ती अतिकठीण म्हणता येणार नाही. मात्र तीतून पार पडणे म्हणजे केवळ दाराची कडी निघणे होय. त्यानंतर देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणच्या निवड मंडळापुढे काही दिवसांची कसोटी असते. चित्र पाहून कथा लिहिणे, पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य करणे, गटाने अडथळे ओलांडणे आणि दीर्घ मुलाखत, असे तिचे स्वरूप. हे सारे निभावले आणि उमेदवाराला विमान चालवावयाचे असले, तर शेवटी येते ती वैमानिक-योग्यतेची चाचणी.

ही शेवटची चाचणी मोठी कुतूहलाची आहे. पूर्वी ती यंत्रांच्या संचावर होत असे. आता संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेल्या संगणकीय पद्धतीने होते. उमेदवाराच्या हाती एक दांडा असतो आणि पायांखाली दोन पट्ट्या. समोरच्या पडद्यावरील ठिपका सतत भरकटत असतो. हातापायांचा मेळ घालून तो ठिकाणावर धरून ठेवावयाचा, आणि ते करीत असतानाच मधूनमधून लागणारा दिवा व वाजणारा आवाज यांचीही दखल घ्यावयाची. दुसऱ्या भागात विमानातील मापकांवरून उंची, वेग, दिशा ओळखावयाची असते. येथे पाठांतर कामाचे नाही. आणि या चाचणीचा सर्वांत कठोर नियम असा की, ती जन्मात एकदाच देता येते. एकदा नापास झालेल्यास वैमानिकाच्या शाखेचे दार पुन्हा उघडत नाही. इतर शाखांसाठी मात्र त्याचा विचार होऊ शकतो.

हा नियम क्रूर वाटतो, पण त्यामागे तर्क आहे. सरावाने हाताला वळण लागते, हे चाचणी रचणाऱ्यांना ठाऊक आहे. पुन्हा पुन्हा संधी दिली तर मोजली जाईल ती उपजत क्षमता नव्हे, तर फेऱ्यांची संख्या. म्हणून सर्वांना सारख्या सूचना द्यावयाच्या आणि एकदाच मोजावयाचे. हेतू समतेचाच आहे. परंतु जो सराव दुसऱ्या संधीच्या रूपाने बंद केला, तो बाजाराने मागच्या दाराने आत आणला. मोठ्या शहरांतील खासगी वर्ग चाचणीच्या यंत्राची नक्कल समोर ठेवून सराव करवून घेण्याचे आश्वासन देतात आणि त्याचे पैसे घेतात. त्या सरावाचा लाभ किती, हा वादाचा विषय होईल. ज्यांच्याजवळ फी आहे त्यांनाच तो घेऊन पाहता येतो, हे मात्र वादापलीकडचे आहे. खरे तर चौदाव्या वर्षापासून ट्रॅक्टरवर बसून, पुढे तास धरीत, मागे वळून नांगराच्या फाळाकडे पाहत आणि पाय क्लचवर ठेवून शेताच्या बांधाशी वळणारा पिंपळगाव रेणुकाईकडचा मुलगा हातापायांच्या मेळात शहरी मुलाहून कमी ठरेल, असे मानावयास काहीच आधार नाही. त्याची अडचण ही की, तो त्या यंत्रासमोर बसण्याच्या वेळेपर्यंत पोहोचतच नाही.

त्याला वाटेत अडवते कोण? निवड मंडळ नव्हे, 'एएफकॅट'ही नव्हे. त्याची निवड वा गच्छंती दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यातच होऊन गेलेली असते, आणि ती करणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. वैमानिक शाखेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय असावे लागतात. 'एएफकॅट'च्या मार्गाने जावयाचे तर त्या प्रत्येकात किमान ५० टक्के गुण लागतात. पुढे पदवी कोणत्याही विषयाची, ६० टक्क्यांची, चालते. म्हणजे कला वा वाणिज्य शाखेचा पदवीधरही वैमानिक होऊ शकतो. पण अकरावीत त्याने ते दोन विषय घेतलेले असले तरच. तालुक्याच्या ठिकाणी मात्र अकरावीचा प्रवेश वेगळ्याच हिशेबाने होतो. गणित अवघड, म्हणून कला शाखा. विज्ञान घेतलेच तर वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने जीवशास्त्र, आणि ओझे कमी करण्यासाठी गणिताला रजा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने फॉर्मवर केलेली ती एक खूण त्याचा वैमानिक होण्याचा हक्क कायमचा काढून घेते. संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते म्हणून हळहळणाऱ्यांनी या पहिल्या चाचणीकडे पाहावे. तीही एकदाच होते, आणि आपण परीक्षा देत आहोत हे परीक्षार्थीला ठाऊकच नसते.

यावर कोणी म्हणेल की, मराठवाड्यातील मूळ असलेले विवेक राम चौधरी सप्टेंबर २०२१ मध्ये हवाई दलप्रमुख झाले आणि तीन वर्षे त्या पदावर राहिले. मग अडचण कसली? नांदेड जिल्ह्यातील हस्तरा हे त्यांचे मूळ गाव, याचा अभिमान या भागाने जरूर बाळगावा. परंतु एका कर्तबगार माणसाचे यश हा प्रदेशातील सोयीसुविधांचा पुरावा होत नाही, जसे एका विहिरीला लागलेले पाणी हे तालुक्याच्या पर्जन्यमानाचे प्रमाण होत नाही.

कुटुंबाचा हिशेब मात्र समजून घ्यावयास हवा, कारण तो अडाणीपणाचा नाही. कपाशी, मका, सोयाबीन आणि मिरचीच्या भावांवर ज्या घराचे वर्ष ठरते, ते घर मुलाच्या दोन-तीन वर्षांची गुंतवणूक कोठे करील? अर्थशास्त्रात ज्याला पर्यायी खर्च म्हणतात, म्हणजे एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत, तो येथे अगदी उघड दिसतो. भरतीसाठी केलेली धावण्याची तयारी वाया जात नाही. पोलिसात नाही तर राखीव दलात, तेथे नाही तर सैन्यात ती उपयोगी पडते. उलट वैमानिकाच्या वाटेवर मोजक्या जागा, वयाची चोविसाव्या वर्षाची मर्यादा, परप्रांतातील निवड मंडळ, वैद्यकीय तपासणी आणि अखेरीस जन्मात एकदाची चाचणी. यांपैकी कोणत्याही पायरीवर पाय घसरला की गेलेली वर्षे कोणी परत देत नाही. शिवाय 'एएफकॅट'मधून मिळणारी वैमानिकाची नेमणूक कायम स्वरूपाची नसून चौदा वर्षांची असते. अशा स्थितीत बाप मुलाला पोलीस भरतीचा सल्ला देतो, तो आकांक्षा खुजी म्हणून नव्हे. धोका पेलण्याची ऐपत खुजी म्हणून.

हा धोका कमी करण्याचे काम समाजाचे, म्हणजे शासनाचे आहे. आणि महाराष्ट्राने ते कधी केलेच नाही असेही नाही. सैन्यदलांच्या अधिकारीवर्गात मराठी तरुणांचे प्रमाण वाढावे, या हेतूने राज्य शासनाने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर निवडलेली मुले तेथे दोन वर्षे राहतात, अकरावी-बारावी करतात आणि प्रबोधिनीची तयारी करतात. येथून बाहेर पडलेले अनेक तरुण आज तिन्ही दलांत अधिकारी आहेत. भोकरदनपासून ही संस्था शेजारच्या जिल्ह्यात, एस.टी.च्या काही तासांच्या अंतरावर आहे. तरीही तिची खबर तालुक्यातील दहावीच्या वर्गापर्यंत वेळेवर पोहोचत नसेल, तर ते अंतर मैलांचे नव्हे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांची नावे दोन हजार वर्षांपूर्वी सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरली गेली. त्या काळी बैलांच्या तांड्यांबरोबर वार्ता जितकी फिरत होती, तितकी तरी आज फिरावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

तथापि संस्था उत्तम असली तरी तिच्या जागा साऱ्या राज्यासाठी साठ. एकेका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी दोनही येत नाहीत. मुलींचा प्रश्न तर कालपरवापर्यंत उद्भवतच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशाने प्रबोधिनीची परीक्षा त्यांना खुली झाली. पहिल्या १७ मुली ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, आणि राज्याने मुलींसाठी नाशिकला वेगळी संस्था काढली ती २०२३ मध्ये. नाशिकरोडलाच छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात निवड मंडळाच्या कसोटीची तयारी शासन विनामूल्य करवून घेते, राहणे-जेवणही तेथेच. खासगी वर्गाच्या फीसाठी शेताचा तुकडा गहाण टाकण्याचा विचार करणाऱ्या घराला ही एक ओळ वेळेवर कळली तरी केवढा फरक पडेल!

भाषेची गोष्ट थोडी वेगळी आहे. 'एएफकॅट' पूर्णपणे इंग्रजीत होते. हवेत आणि नियंत्रण कक्षात इंग्रजीच चालते, तेव्हा या अटीवर रागावण्यात अर्थ नाही. पण प्रश्नपत्रिकेतील इंग्रजी हे बोलण्याच्या चटपटीतपणाचे इंग्रजी नसते. ते वाचनाने कमावता येते. मराठी माध्यमाच्या मुलाला त्यासाठी दोन वर्षांचा नियमित तास हवा, महिनाभराचा 'क्रॅश कोर्स' नव्हे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या 'सी' प्रमाणपत्रावर लेखी परीक्षेतून सूट मिळते खरी, पण वैमानिक शाखेसाठी ते प्रमाणपत्र छात्रसेनेच्या हवाई विभागाचे असावे लागते, आणि हा विभाग मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांच्या आधाराने चालतो. तालुक्याच्या महाविद्यालयातील छात्र गणवेश तोच घालतो, कवायतही करतो. सवलत मात्र त्याच्यासाठी नसते.

यापेक्षाही साधी एक गोष्ट आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. वैमानिकाच्या शरीराची मापे ठरलेली आहेत. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांची लांबी ९९ ते १२०, मांडीची लांबी ६४ पेक्षा अधिक नको, बसलेल्या स्थितीतील उंची ८१.५ ते ९६. ही मापे लहरीची नव्हेत. लढाऊ विमानाची बैठक अरुंद असते. संकटकाळी आसनासह बाहेर फेकले जाताना गुडघा समोरच्या फळीवर आपटला तर माणूस वाचूनही पांगळा होईल. रंग ओळखण्यात उणीव असलेल्यालाही वैमानिक होता येत नाही. हे सारे उमेदवाराला बहुधा कळते ते अगदी अखेरीस, वर्षे आणि पैसा खर्चून झाल्यावर. शाळेत आरोग्य तपासणी होते, वजन-उंचीची नोंद होते. त्याच वेळी शिंप्याकडची एक फीत आणि रंगठिपक्यांच्या तक्त्यांची एक पुस्तिका एवढ्या सामग्रीवर नववीच्या मुलामुलींना आपण या वाटेने जाऊ शकतो की नाही, याचा प्राथमिक अंदाज देता येईल. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याची चार वर्षे वाचतील आणि तो सैन्याच्या दुसऱ्या शाखांची चौकशी करू लागेल. ज्याची मापे बसतात, त्याला निदान एवढे सांगता येईल की, बाबा, अकरावीला गणित सोडू नकोस.

चाचणीत अपयश येणारच, आणि ते बहुतेकांना येणार. १९५८ मध्ये देहरादूनच्या निवड मंडळापुढे पंचवीस उमेदवारांत एक तरुण अभियंता नववा आला. जागा आठ होत्या. अब्दुल कलाम वैमानिक झाले नाहीत. पण ते नाकारले गेले तेव्हा त्यांच्या हाती मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेची विद्या होती, दुसरी वाट होती. भोकरदनच्या मुलालाही ती दुसरी वाट हवी. गणित व भौतिकशास्त्रासह बारावी केलेला, इंग्रजी वाचू लागलेला मुलगा वैमानिक झाला नाही तरी अभियंता, हवामान शाखेतील अधिकारी किंवा शिक्षक होऊ शकतो. म्हणून खर्च करावयाचा तो तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात, गणिताच्या शिक्षकाची रिकामी जागा जूनमध्येच भरण्यावर. जॉयस्टिकच्या नकलेवर नव्हे. संभाजीनगरच्या संस्थेचा अर्ज दहावीत असतानाच भरावा लागतो. तेव्हा ही माहिती फळ्यावर लिहावयाची असेल, तर ती नववीच्या वर्गात लिहावयास हवी.