सर्व्हर घेताना पैसा कुठे घालावा?

कोल्हापूर-इचलकरंजी भागातील घाऊक व्यापारी, पतसंस्था आणि कारखानदार यांचा हिशेब आता एका संगणकात मावेनासा झाला आहे. वीस-पंचवीस माणसे एकाच वेळी बिले करतात. उधारी, साठा, कारागिरांची उचल, जीएसटी, सारे एकाच डेटाबेसमध्ये साठते. त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर लागतो. मग कोटेशन येते आणि त्यात सर्वांत ठळक असतो प्रोसेसर. किती कोर, किती गिगाहर्ट्झ! आपले व्यापारी बांधव तेवढेच पाहून सही करतात. आमच्या मते पैसा चुकीच्या जागी जातो तो इथेच.

अशा कामात प्रोसेसर बहुधा रिकामा बसून डिस्कवरून नोंद येण्याची वाट पाहत असतो. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा समोर येण्यासाठीच सरासरी ४ मिलिसेकंद लागतात. विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला शंभरच्या आसपासच देते. एसएसडी हजारोंनी देते. आणि रोजच्या नोंदी मेमरीत मावल्या, तर वाचण्यासाठी डिस्ककडे जावेच लागत नाही. म्हणून आधी मेमरी भरपूर घ्यावी, तीही ईसीसी प्रकारची. एखाद्या बिटची चूक ती स्वतःच दुरुस्त करते. उधारीच्या आकड्यात एक बिट बदलला तर काय होते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

एसएसडी घेताना वीज जाताच हातातली नोंद पूर्ण लिहिणारी, म्हणजे सर्व्हरसाठी बनवलेलीच घ्यावी. घरगुती संगणकाची स्वस्त पडते, पण ही सोय तिच्यात बहुधा नसते. डिस्क जोडीने लावाव्यात. विक्रेते जागा वाचते म्हणून रेड-५ सुचवतात. पण त्यात प्रत्येक छोट्या नोंदीसाठी दोनदा वाचावे आणि दोनदा लिहावे लागते. बिलिंगचे काम म्हणजे छोट्या नोंदींचा पाऊस. ईद-दिवाळीच्या गर्दीत ते जाणवते. रेड-१० महाग पडले तरी तेच बरे.

कोरचा हव्यास दुसऱ्या बाजूनेही महागात पडतो. एसक्यूएल सर्व्हरसारख्या विकतच्या डेटाबेसचा परवाना कोर मोजून घेता येतो. कोर वाढले की परवानाही वाढतो. तेव्हा थोडे पण वेगवान कोर घ्यावेत. पोस्टग्रेसला परवान्याचे पैसे लागत नाहीत, मात्र ते सांभाळणारा जाणकार शोधावा लागतो.

आता कोटेशनमध्ये कधीच न येणारी गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात दुकानांत पाणी शिरले, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. अशा वेळी ‘दुसऱ्या दिवशी इंजिनिअर हजर’ या वॉरंटीचा उपयोग काय? तो पुण्याहून येणार कसा? एक जादा डिस्क आणि एक जादा पॉवर सप्लाय स्वतःजवळ ठेवावा. सर्व्हर तळमजल्यावर, गल्ल्याच्या पाठीमागे ठेवायची आपल्याकडची सवय तर आधी सोडावी.

जोडीची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून पुसली जाते, व्हायरसही दोन्हीकडे पोहोचतो. रोजची एक प्रत पूररेषेबाहेर, सर्व्हरला न जोडलेली असावी. क्लाऊडवर ठेवली तरी चालेल. सगळा सर्व्हरच क्लाऊडवर नेला, तर इंटरनेटची दुसरी लाइन हवी, नाहीतर केबल तुटली की बिलिंग बंद.

ती प्रत दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर उघडून एका दिवसाची उधारी वहीशी ताडून पाहावी. सही करण्याआधी हे काम विक्रेत्याकडून आपल्यासमोर एकदा करून घ्यावे आणि किती तास लागले ते कोटेशनवरच लिहून घ्यावे.